चावी काढल्यावरचा दिवा

पितांबर आबांची मोटार पारोळ्याहून धुळ्याला भाड्यानं जायची. चालवायचा चिंधा. त्याच्या आधी ती आबांचा एकुलता एक मुलगा जीवराम चालवायचा. पण जीवराम पलटणीत मोटार हाकायला म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशाकडं गेला, आणि पुढच्या वर्षी 'बेपत्ता' एवढा एकच शब्द घरी आला. गेला म्हणावं, तर तसं कुणी सांगत नाही. आहे म्हणावं, तर त्याची खबर कुठून येत नाही. देवानं अशा अधल्यामधल्या जागी कुणालाही उभं करू नये.

त्यातच दिव्याचं सुरू झालं.

मोटारीत समोर, वेग-पेट्रोल दाखवणाऱ्या घड्याळांच्या फळीवर, करवंदाएवढा तांबडा दिवा होता. चावी फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं की जायचा. गाडी उभी करून चावी काढली की फळी काळीच असायची. त्याचा धर्म एवढाच. एका संध्याकाळी चिंधानं गोठ्यात गाडी लावली, चावी काढली, तरी इंजिन आपलं चालूच. त्यानं पुन्हा चावी घातली, फिरवली, काढली. ऐकेना. शेवटी ब्रेक दाबून, गिअर टाकून त्यानं क्लच एकदम सोडला, तेव्हा गाडी आचका देऊन बंद पडली. आणि तो दिवा लागला. चावी चिंधाच्या मुठीत, आणि दिवा जळतो आहे.

जीवरामची आई तानुबाई तुळशीपुढं दिवा लावून तिथंच आल्या होत्या. गाडीलाही कुंकवाचं बोट लावायचा त्यांचा नेम होता.

"चिंधा, कोन लाया रे हाऊ दिवा?"

"कोनी नही, माय. चावी तं मना हातमा शे."

तानुबाई कुंकवाची वाटी घेऊन काचेपाशी वाकल्या. आदल्याच दिवशी त्या देवळात कीर्तनाला बसल्या होत्या. काय रंग चढला होता त्या दिवशी! बुवांचा आवाज असा लागला की टाळकरी टाळ वाजवायचे विसरले. उत्तररंगात बुवा डोळे मिटून म्हणाले होते, "ज्या घरी दिवा जागा असतो ना, त्या घरची वाट देव परदेशी गेलेल्याला विसरू देत नाही." साऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. तानुबाईंनी ते शब्द पदरात बांधूनच घरी आणले होते.

"मना जीवरामना दिवा शे हाऊ," त्या म्हणाल्या. "याले कोनीच हात लावू नका."

चिंधानं फळीवर टिचकी मारून पाहिली. दिव्याची काच हलवून पाहिली. निदान रात्रीपुरती बॅटरीची तार काढावी म्हणून पाना घेतला, तर तानुबाई बॅटरीपुढं येऊन बसल्या. त्यानं पाना खाली ठेवला. जीवरामबरोबर गोट्या खेळलेला पोरगा तो, आई कामाला जायची म्हणून याच घरात जेवून वाढलेला.

मग रोजचंच झालं. दिवा रात्रभर बॅटरी प्यायचा आणि उजाडता उजाडता मंदावून निखाऱ्यासारखा व्हायचा. तानुबाई काचेतून वाकून बघायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या, "रातभर गाडी चालाडस ना तो. पहाटले डोया लागतस त्याना."

सकाळी आळीतले बाप्ये धक्का मारायचे, चिंधा दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा, तेव्हा गाडी खोकत सुरू व्हायची. धुळ्याला जाणारी गिऱ्हाइकं हसायची. "चिंधाभाऊ, गाडी तुनं ऐकत नही, मंग बायको काय ऐकी?" चिंधाही हसून घ्यायचा. पण बॅटरी रोज थोडी थोडी मरत होती, ते त्याला दिसत होतं.

एक दिवस धक्का मारून सारे घामाघूम झाले तरी गाडी सुरू होईना. आबांनी चिंधाला बाजूला घेतलं.

"त्या बॅटरीमा आते काय ऱ्हायनं नही. ती गयी का गाडी गयी, आन् गाडी गयी का चूल. धुळाले नेई बठ्ठं नीट करी लय."

"आन् माय?"

"तिले मी सांगसू," आबा म्हणाले, पण चिंधाकडं न बघता.

शेजारच्याची बॅटरी मागून आणून चिंधानं गाडी धुळ्याला नेली. मिस्त्रीनं फळीखाली डोकं घातलं आणि थोड्या वेळानं हसतच बाहेर आला.

"गाडी जिथं लावता, तिथं सरकी भरलेली आहे का?"

"हो. पोती आहेत."

"मग उंदरांनी सरकीबरोबर सूतही खाल्लं. दोन तारांवरचं सुती वेष्टण कुरतडलंय, आणि उघड्या तारा एकमेकींना चिकटल्यात. वीज चावीला न विचारता चाललीय. तुमची चावी बिचारी काय करणार?" त्यानं तारा अलग करून पट्टी गुंडाळली. चावी काढताच इंजिन गप्प झालं. "झालं बघा. एवढंच होतं."

एवढंच होतं! परतीच्या वाटेवर चिंधाच्या छातीवर त्या दोन शब्दांचा धोंडा होता.

दिवेलागणीला त्यानं गोठ्यात गाडी उभी केली आणि चावी काढली. फळी काळी पडली. तानुबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. सांगणार होते ते आबा दाराची चौकट धरून उभे राहिले.

"चिंधा, दिवा?"

त्यानं चावी मुठीत लपवली.

"कव्हय गया रे तो? दुपारले? तेवढं तरी माले सांग. कव्हय गया?"

दिव्याची नव्हे, कुणाची वेळ विचारते आहे ही, ते चिंधाला कळलं आणि त्याला धीर धरवला नाही. तो वाकला, फळीखाली हात घातला, पट्टी ओरबाडून काढली आणि दोन्ही तारा बोटांनी जुळवल्या. दिवा लागला.

"शे, माय! हाऊ देख, शे!"

तानुबाईंनी आधी दिव्याकडं पाहिलं. मग कोपरापर्यंत फळीखाली गेलेल्या त्याच्या हाताकडं.

"आन् हात काढा तं?"

चिंधानं हात तसाच धरून ठेवला.

"मंग आतेपावत कोन लाये?"

"उंदीर," आबा दारातून म्हणाले. "सरकीना उंदीर, जीवरामनी माय. त्यासनी वायर खादी व्हती."

देवळात वीणा लागली. पेटीचे सूर जुळत होते. रोज या वेळेला तानुबाई वाटी ठेवून लगबगीनं निघायच्या. आज त्या मोटारीच्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी फळीखाली हात घालून चिंधाचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ना, माय," चिंधा रडत म्हणाला. "मी बठस आठेच, तारा धरीसन."

त्यांनी त्याचं एकेक बोट सोडवलं, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं. दिवा गेला. अंधारात त्यांनी आपल्या पदरानं त्याची बोटं पुसली.

"जाय बेटा," त्या म्हणाल्या. "तुनी माय घर वाट देखत व्हई."