प्लायमाउथची खांदशेकणी

गुणवंतराव जाऊन नऊ महिने झाले, तरी नलिनीबाईंच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. तेरवीला आलेल्या बायका दाराआड म्हणाल्या, "दगड झाली बाई." नलिनीबाईंनाही आतून तसंच वाटायचं.

म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी प्राजक्तानं आईला सौंसरहून पांढुर्ण्याला नेलं. तिथं एका हौशी शेठजींनी काढलेल्या मोटारींच्या संग्रहालयात गुणवंतरावांची जुनी अमेरिकन प्लायमाउथ उभी होती. नवा चकचकीत रंग, पुढं दोरी, बाजूला पितळी पाटी.

"पाय मा, बाबांची लाडकी! आता तरी रडून घे वं एकदाची."

"पाहून राहिली ना. सवतीले नवरीवानी सजवलं, अन् पाटीवर तुह्या बाबाचं नावच नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून खांद शेकतात. बैलांचं झालं की गुणवंतराव उरलेली हळद या गाडीच्या मडगार्डांना चोळायचे. "हेही वर्षभर ओढते बिचारी," म्हणायचे.

नलिनीबाईंनी पिशवीतून डबी काढली, दोरीखालून वाकल्या आणि मडगार्डावर बोट फिरवलं.

"ओ मावशी, हात नका लावू!" पहारेकरी धावत आला आणि त्यानं फडक्यानं सगळं पुसून टाकलं. नव्या रंगावर डागसुद्धा राहिला नाही.

बोट तेवढं पिवळं होतं. नलिनीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रडू काही आलं नाही.

"चाल," त्या म्हणाल्या, "घरी बैलजोडी वाट पाहून राहिली असन. यंदा खांद मलेच शेका लागते."