डाव्या हाताची मिरी

दत्तप्रसादचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं आणि हेमाच्या मागे मिरी लागली. आपल्याकडे पुरुष आजारी पडला की ड्युटी बाईची लागते.

डॉक्टरांनी मिरचीवर फुली मारली. अगदीच बेचव लागलं तर वरून चिमूटभर मिरी घ्या, एवढंच ते म्हणाले. त्या 'वरून'चा अर्थ दत्तप्रसादने असा लावला की मिरी ताजी पाहिजे, ताट वाढल्यावर पाहिजे आणि बायकोने उठून आणली पाहिजे. विकतची मिरपूड म्हणजे भुसा. आधी कुटून वाटीत ठेवली तर वास उडालेला. हेमा पतसंस्थेतून दमून घरी यायची, कुकर लावायची, पोळ्या लाटायची, आणि पहिला घास उचलला की टेबलापलीकडून आवाज यायचा, "मिरी."

ती उठायची. खलबत्त्यात दाणे कुटून आणायची.

"जाड आहे."

पुन्हा उठायची.

"आता पार पीठ केलंस."

हा माणूस बँकेतून निवृत्त झालेला. दिवसभर वारज्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून. ऑपरेशन काही त्याच्या हाताचं झालं नव्हतं.

हेमाच्या बहिणीची मुलगी नम्रता चार दिवस राहायला आली. तिने हा प्रकार पाहिला आणि मिरी दळायचं एक लाकडी यंत्र ऑनलाइन मागवून दिलं. बुद्धिबळातल्या वजिरासारखं उंच, देखणं. एका हाताने धड धरायचं, दुसऱ्याने डोकं पिळायचं, की खाली मिरी पडते.

"मावशी, हे काकांसमोर ठेवून दे. त्यांचं ते घेतील."

काका कसले घेतात. दत्तप्रसादने वरणभाताने माखलेला उजवा हात वर केला. "उष्ट्या हाताने कसं पिळू? तू फिरव."

आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड होती. ते यंत्र काट्याचमच्याने जेवणाऱ्यांसाठी बनलेलं. आपण जेवायला बसलो की आपल्याला एकच हात उरतो. हे ना नम्रताच्या ध्यानात आलं, ना हेमाच्या. परिणाम काय, तर आधी ती निदान ओट्याशी, त्याच्याकडे पाठ करून कुटत होती. आता ताटाशेजारी उभी राहून, तो "बास" म्हणेपर्यंत फिरवू लागली. हॉटेलातल्या वेटरला टिप तरी मिळते.

एका रविवारी शेजारचे रावसाहेब जेवायला होते. दत्तप्रसाद त्यांना म्हणाला, "बघा, आमच्याकडे फाइव्ह स्टार सर्व्हिस आहे. हेमा, रावसाहेबांनाही फिरव."

तिने फिरवली. परत येऊन बसली तेव्हा तिच्या भातावरचं तूप थिजलं होतं. तो भात तिने तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि नारायण पेठेतलं शमशुद्दीनभाईंचं भांड्यांचं दुकान गाठलं.

"मिरी दळायचं यंत्र हवंय. हाताने चालणारं. आणि टिकाऊ."

शमशुद्दीनभाईंनी दोन यंत्रं काउंटरवर मांडली. एक पिळायचं, एक वर दांडी असलेलं. हेमाने उजवा हात पाठीमागे घेतला आणि नुसत्या डाव्याने झटापट सुरू केली. दांडीचं यंत्र काउंटरवर गोल गोल फिरलं, मिरीचा कण पडला नाही.

"हात दुखावलाय का?"

"नाही. उष्टा आहे."

शमशुद्दीनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे जेवणाची सोय नाही, ताई."

"माझ्या घरी आहे. नवऱ्याचा उजवा वरणभातात असतो. त्याला डाव्या हाताने, बसल्या जागी वापरता आलं पाहिजे."

"मग त्यांनाच आणायचं. हाताचं माप घेतलं असतं."

"तो उठून इथवर येणारा असता, तर मला यंत्र कशाला लागलं असतं?"

शमशुद्दीनभाई स्टुलावर चढले. माळ्यावरून दोन खोकी काढली. दोन्ही यंत्रांना वर सशासारखे दोन कान. कान मुठीत दाबले की आतलं जातं फिरणार.

"खोकं उघडलं की माल तुमचा."

"खराब निघाला तर तुमचा. उघडा."

तिने पर्समधून मिरीची पुडी काढली. पहिलं यंत्र प्लॅस्टिकचं, गोंडस पिवळं. दाबलं तसे कान वाकले आणि आतून नुसती टरफलं पडली.

"याचे कान महिनाभरात तुटतील."

"हलक्या हाताने दाबलं तर वर्षानुवर्षं चालतं."

"दाबणारा रागाने दाबणार आहे."

दुसरं पोलादी. बोजड, दिसायला पंक्चरवाल्याच्या हत्यारासारखं. तिने ते दाबलं, सोडलं, दाबलं. दंड भरून येईपर्यंत दाबलं. दर दाबाला कर्र आवाज, दर दाबाला कागदावर काळी रांगोळी. आत बोट घालून तिने जातं चाचपलं, तेही पोलादी. सगळे स्क्रू उघडता येणारे.

"स्प्रिंग गेली तर?"

"स्प्रिंग बदलून मिळते. बाकीचं आमच्याकडे बदलून मिळत नाही."

हेमा कित्येक दिवसांनी खळखळून हसली. यंत्र घेतलं.

त्या संध्याकाळी तिने ते भरून दत्तप्रसादच्या ताटाशेजारी ठेवलं, स्वतःचं ताट वाढलं आणि बसली.

"मिरी."

ती जेवत राहिली.

"ऐकू येत नाही का?"

"तुमच्या डाव्या हाताला आहे. कान दाबा, पडेल."

"डाव्या हाताने? अन्नावर?"

"आमटी डाव्यानेच वाढून घेता. तांब्या डाव्यानेच उचलता."

"आईने नानांना भरल्या ताटावर असलं कधी ऐकवलं नाही."

"त्या जन्मभर उभ्याने जेवल्या. मी बसून जेवणार आहे."

दत्तप्रसाद थांबला. हे थांबणं हेमाला पाठ होतं. तो चिडायचा नाही, ओरडायचा नाही, नुसता हात ताटात ठेवून बसायचा, आणि त्या शांततेत तिचे पाय आपोआप उठायचे. सगळा संसार असाच चालला होता. आत्ताही गुडघे हललेच. तिने दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांना अडकवून घट्ट धरली आणि पुढचा घास घेतला. वरण गरम होतं. इतकं गरम की जिभेला चटका बसला.

"म्हणजे मी हे असं अळणी गिळायचं?"

"मीठ बरोबर आहे. मी खातेय ना."

त्याने यंत्र सरकवलं. परत जवळ ओढलं. हेमाने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला. कर्र. मग आणखी एकदा, रागाने.

"जाड पडतेय."

"मग जाड खा," हेमा म्हणाली आणि कुकरातला गरम भात आणखी एकदा स्वतःच्या ताटात वाढून घेतला.