अकरा सेकंद

माझं कॉफीघर व्हिएन्नात, दवाखान्यांच्या गल्लीत. मी शिकले चौथीपर्यंत, पण माणसाचा स्वभाव म्हणजे काय यावर माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नसेल. गिऱ्हाइकं बहुतेक मनाचे डॉक्टर. खिडकीपाशी टाउसिगसाहेबांचं टेबल: स्वभाव म्हणजे लहानपणी दाबलेल्या इच्छा. शेगडीपाशी ब्राबेट्ससाहेबांचं: स्वभाव म्हणजे कमीपणाची टोचणी, आणि कितवं अपत्य तेही बघायचं. नऊ वर्षं दोन्ही टेबलं एकमेकांची साखरसुद्धा मागत नाहीत.

आमची धाकटी ओटीली डॉक्टर वेंडेलिनच्या बशीत खसखशीच्या केकचा जाड तुकडा ठेवायची. बाकीच्यांना पातळ. आईला आणखी काय कळायला हवं? पण डॉक्टर नुकतेच झुरिचहून शिकून आलेले. मुलीचं मन जाणून घ्यायचं तर तिला विचारायचं नाही म्हणे, तपासायचं. शब्द म्हणायचा, सुचेल ते उत्तर घ्यायचं आणि हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे; उत्तराला उशीर झाला, की मनात अडचण आहे समजायचं.

त्या शनिवारी ओटीली बटाटे सोलत होती.

"दिवा?" "काच."

"पाव?" "शिळा."

"लग्न?" "बटाटे."

"वेंडेलिन?"

पोरगी गप्प. सुरी हातातच. शेवटी म्हणाली, "काय?" आणि भांडं उचलून आत गेली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अकरा सेकंद!"

"विरोध!" खिडकीतून टाउसिग. "बापाच्या जागी कुणी नको आहे तिला."

"धाकटी ना?" शेगडीकडून ब्राबेट्स. "धाकट्यांना कुणापुढे झुकायचं नसतं. पण नकार आहे, हे खरं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्या लेकीचं वाटोळं करायला! डॉक्टरांनी टोपी घातली. ग्राझ शहरातल्या इस्पितळात नोकरी ठरलेली, त्याच दिवशी पाचची गाडी. परत येणार नव्हते.

"बसा," मी म्हटलं. "घड्याळ आणा इकडे."

"मालकीणबाई, हे शास्त्र आहे—"

"मी घड्याळावर अंडी उकडते, डॉक्टर. माझं अंडं कधी कच्चं राहत नाही. पाव?"

"केक."

"ग्राझ?"

"नोकरी."

"ओटीली?"

डॉक्टर कोटाचं बटण पिळत बसले. कॉफीवर साय धरली. टाउसिगसाहेबांचा चिरूट विझला.

"एकोणीस," मी म्हटलं. "म्हणजे तुमचा तर हिच्याहून मोठा नकार. हो ना हो, टाउसिगसाहेब? अहो, भाजीवाल्याला पोरगी चटकन उत्तर देते. जिथे जीव गुंतलेला असतो तिथे जीभ अडते. हे शिकायला झुरिचला जावं लागतं?"

आतून ओटीली आली. हात ओले, डोळेही. "सरळ विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

"पद्धतीत तसं नाही," डॉक्टर पुटपुटले.

"मग पद्धतीशीच लग्न करा!"

तेव्हा कुठे ते उठले, टोपी काढली आणि विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं "हो" आलं.

"इतकं झटकन?" ब्राबेट्स कुजबुजले. "यात काहीतरी आहे."

"आहेच," टाउसिग म्हणाले, आणि खुर्ची उचलून शेगडीपाशी गेले.

मी सगळ्यांना केक वाढला, स्वतः जाड तुकडे कापून. शेवटचा कापताना लक्षात आलं, ग्राझ फार लांब आहे. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं, मालकीणबाई?"

मला काही बोलताच येईना.