रिकामा फिरणारा पट्टा

मित्रांनो, तेल्हाऱ्याच्या बाजारामागे बाभळीखाली गंजत पडलेले जुने ऑइल इंजिन मीच. सन पंचावन्नच्या सुमारास मला अकोल्याहून बैलगाडीने आणले. घेतले तिघांनी साझ्यात, म्हणजे भागीदारीत. देवमनची पिठाची चक्की, भगवंतरावांचे कपाशीतून सरकी काढणारे रेचे आणि पंचफुलाबाईचे मिरची कांडायचे यंत्र. पंचफुलाबाईचा नवरा वारला होता. तिचे आणि लेकीचे पोट त्या यंत्रावरच होते.

माझ्या एकाच दांड्यावरून तिघांकडे तीन पट्टे जात. पण माझ्यात एका वेळी दोघांपुरतीच ताकद होती. तिसरा पट्टा चढला की माझा दम कोंडे आणि सगळेच थांबे. म्हणून देवमन नजर ठेवी. कपाशीची एक गाडी संपून दुसरी येईपर्यंत तो रेच्यांचा पट्टा उतरवी आणि कांडपाचा चढवी. लोक म्हणत, “एक इंजिन, पन तिघायले पुरते.” मला बरे वाटे.

एका हंगामात पट्टा परत चढवायला उशीर झाला आणि भगवंतरावांची गाडी खोळंबली. तेव्हापासून ते पट्टा उतरवू देईनात.

फाल्गुनातली सकाळ होती. बायका वाळल्या मिरच्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. रेचे रिकामेच खडखडत होते.

“भगवंतराव, पट्टा उतरवू काय? बाईचं कांडप होऊन जाईन,” देवमन म्हणाला.

“काहून? हिस्सा माझा हाय. गाडी आली म्हंजे लगेच देशीन काय मले?”

“देतो ना जी!”

“मागच्या खेपेले देला होता काय येळेवर?”

पंचफुलाबाई उठली. “भाऊजी, कपाशी त दिसत नाही. वाऱ्याची सरकी काढून राहिले काय?”

बायका हसल्या. भगवंतरावांना ते लागले. पट्टा तसाच राहिला.

देवमनने आपला पट्टा उतरवून तिला थोडा वेळ दिला, तर पिठाचे गिऱ्हाईक भांडायला उठले. दुपारी बायका एकेक करून टोपली उचलून गेल्या. गाडी आली दुसऱ्या दिवशी. माझ्यात ताकद होती, मागणारी समोर उभी होती, आणि मी दिवसभर रिकामे रेचे फिरवत राहिले.

हंगामभर असेच चालले. गिऱ्हाईक तुटले. पंचफुलाबाईने यंत्र मोडीत दिले आणि लेकीला घेऊन ती बडनेऱ्याला मजुरीला गेली. जाताना तिने माझ्या तापल्या अंगावर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला.

पुढे वीज आली. ज्याची त्याची मोटार झाली. मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, साझ्याच्या वस्तूला तेलपाणी करालच. पण आपले काम नसेल तेव्हा आपला पट्टाही उतरवत जा. दाराशी कोणीतरी टोपले घेऊन बसलेले असते.