जळवा न लागणारे पाय

"बघा, डोळं उघडून बघा! एक तरी जळू लागलीय का?"

धबधब्यासमोरच्या कातळावर झरेश्वरबाबा पाय पसरून बसले होते आणि सगळी गर्दी त्या पायांकडे अशी बघत होती, जणू पोटऱ्या फोडून आता देवच बाहेर येणार आहे.

राधानगरीच्या पलीकडचं ते रान म्हणजे जळवांचं माहेर. वर ऊन शिरत नाही, खाली कुजका पाचोळा. चढून आलेल्या प्रत्येकाच्या पायावर रक्ताचे ओघळ होते. बाबा मात्र त्याच वाटेनं अनवाणी आले आणि कोरडे ठणठणीत!

"पापी रक्त जळूला गोड लागतं," बाबा गरजले. "आमच्या रक्तात ब्रह्मांडाचा करंट हाय. जळू चिकटली की फ्यूज उडतो तिचा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. शिरोलीच्या कारखान्यात रोज करंटशी खेळणाऱ्या अमरसिंहनंही पिटल्या. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईला, कोडोलीच्या बयाबाईला, लेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

बयाबाई नास्तिक नव्हती. गावात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत पोतं टाकून बसणारी, बुवांनी अभंग धरला की डोळे पुसणारी बाई ती. म्हणूनच तिला या बडबडीची किळस येत होती. कीर्तनात देव कळवळ्यानं जवळ येतो. इथं तो जळवांकरवी रक्त तपासत होता.

"सून पुढं आणा," बाबांनी फर्मावलं.

अमरसिंहची बायको वर्षाराणी पुढं आली. तिला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं एकही आली नव्हती. पण आज दम लागून ती सगळ्यांच्या मागं राहिली होती, आणि पुढच्यांच्या पावलांनी जाग्या झालेल्या जळवा तिच्यावरच तुटून पडल्या होत्या.

"बाहेरचं हाय अंगात. जळवांनी साक्ष दिली," बाबा म्हणाले. "गोळ्यांनी ते आत कोंडलंय. टाका गोळ्या पाण्यात. ह्या पोरीला फिट यायची न्हाय पुन्हा."

अमरसिंहनं खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली.

"आत्याबाई," वर्षाराणी सासूचा पदर धरून पुटपुटली, "गोळ्या सोडू नका म्हणालेत वं डॉक्टर."

"थांब अमर," बयाबाई म्हणाली. "आधी पाया तरी पडू दे की मला."

तिनं पायावर डोकं टेकवलं, आणि चंदनाच्या वासाखालून दुसराच एक वास नाकात शिरला. ओळखीचा, रोज सकाळचा. ती तशीच क्षणभर वाकून राहिली. मग मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, गुरूचे पाय धुतल्याबिगार माझी सेवा पुरी हुईत न्हाय. आमच्यात पद्धतच हाय."

"नको माई, आम्ही मानपानाच्या पलीकडं..."

"असं कसं? धुऊन तीर्थ घ्यायचं की आम्हाला!"

गर्दी पेटली. "व्हय व्हय, पाद्यपूजा हुंद्या!" आता पाय आखडून घ्यायला बाबांना तोंड राहिलं नाही. बयाबाईनं परात मागवली, स्नानासाठी आणलेला साबण काढला आणि दुपारच्या भाकरीचा तवा घासावा तसे ते पाय घासले. परातीत तेलकट तपकिरी पाणी साचलं.

"ये गं झुंबरबाई, वास घे. कशाचा?"

शेजारीण झुंबरबाई वाकली. "अगं बया! ही तर तंबाखू! माझ्या मिसरीच्या डबीचा वास!"

बयाबाईनं सुनेच्या पोटरीवरच्या जळूवर ते पाणी शिंपडलं. जळू आक्रसली, वळवळली आणि गळून पडली.

"हा त्यांचा करंट! तेलात उकळलेली तंबाखू, वर चंदन. आता चला बाबा, त्या पाचोळ्यातनं जरा फिरून या."

बाबा हलेनात. तेव्हा गर्दीतल्या गणपतराव पैलवानानं खांद्याला धरून त्यांना अलगद झाडाखाली नेऊन उभं केलं. थोड्याच वेळात ब्रह्मांडाचा मालक एका पायावर नाचत ओरडत होता, "काढा रं कुणीतरी! मेलो, मेलो!"

"फ्यूज उडाला जणू," झुंबरबाई म्हणाली, आणि अख्खं रान हसलं.

अमरसिंह मान खाली घालून उभा होता. बयाबाईनं त्याच्या हातातल्या गोळ्या काढून सुनेला दिल्या.

"जळूला रक्त लागतं, पाप-पुण्य कळत न्हाय. फिट हा मेंदूचा आजार हाय, ताप-खोकल्यासारखाच. त्याला डॉक्टर हाय, औषध हाय. आणि माझा देव असा लेकरांची परीक्षा घेत बसणारा न्हाय रं. खा गं बाय, गोळीची वेळ झाली."

बाटलीतल्या पाण्याबरोबर वर्षाराणीनं गोळी गिळली. परातीतलं ते 'तीर्थ' मात्र कुणीच घेतलं नाही.

देवाला खुशाल भजा, मंडळी. पण यापुढं कुणी चमत्काराचे पाय पुढं केले, तर डोकं टेकवायच्या आधी एकदा साबणानं धुऊन बघा.