घड्याळाची चावी

सीमा आम्ही आखली नाही. ती लोकांच्या जिभेवर होतीच, आम्ही ती केवळ कागदावर उतरवली, असे आयोगाचा अहवाल म्हणतो. वाक्य घोटीव आहे. कोणाच्या मनाला बोचेल असे टोकच त्याला ठेवलेले नाही. ‘किल्ली’ म्हणणारे इकडचे आणि ‘चावी’ म्हणणारे तिकडचे, ही आयोगाची कसोटी. आता ज्या गल्लीच्या मधोमध तारेचे कुंपण आहे, तिथे दोन्ही बाजूंना दोन्ही शब्द सुखाने नांदत होते: कुलपाची ती किल्ली, घड्याळाची ती चावी. शब्दकोशाच्या कचेरीत हयात घालवलेल्या धाकटीने हे सांगून पाहिले. पण पाहणीच्या वेळी आयोगाच्या भाषातज्ज्ञांनी तिच्या घरी दाराच्या कुलपाकडे बोट केले होते, आणि समोर थोरल्या बहिणीच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाकडे. थोरलीने उत्तर दिले आणि ती परदेशी झाली.

“त्या गृहस्थांना घड्याळाचं भारी कौतुक,” ताई तेव्हा हसत म्हणाली होती. “म्हटलं, येत जा की दर आठवड्याला चावी द्यायला. आमची धाकटी स्टूल धरायला कुरकुर करते.”

कुरकुर करीत का होईना, स्टूल धाकटीच धरत असे. आता ती खिडकीतून नुसती पाहते. ताई स्टुलावर चढते, एक हात भिंतीला टेकते, चावी देते आणि उतरताना पायाने जमीन चाचपते. तोवर धाकटीने खिडकीचा गज आवळून धरलेला असतो. ताईच्या दाराची किल्ली अजून हिच्या पर्समध्ये आहे. कुलूप मात्र परराष्ट्रात.

पाहणीत चूक झाल्याचे पाहणी करणाऱ्यानेच कबूल केले, तर गल्लीपुरती रेघ सरकवू, असे फेरविचार समितीने म्हटले, तेव्हा धाकटी त्याच भाषातज्ज्ञांच्या घरी गेली. ते तिचेच गुरू. संदर्भ पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ लिहायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलेले.

“ये. कोश कुठवर आला तुझा?”

“‘स’पर्यंत. ‘सीमा’ तुमच्यासाठी कोरा ठेवलाय, सर.”

“जीभ अजून तशीच आहे म्हणायची.”

“जिभेवरच तर सगळं ठरलं ना, सर.”

तिने खुर्ची पुढे ओढली.

“मी भांडायला आलेले नाही. एका घरी कुलूप दाखवलंत, दुसऱ्या घरी घड्याळ. गडबडीत लक्षात आलं नाही, एवढंच समितीपुढं म्हणा. माणूस चुकतो. ताई आता थकलीय. मला तिचं स्टूल धरायचंय, बाकी काही नको.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. चूक असेल तर दुरुस्ती होती. धाकटीने इतकी वर्षे ती चूकच उराशी धरली होती, एखाद्या ठेवीसारखी.

त्यांचे शब्द जसेच्या तसे असे:

“चूक झालीच नाही गं. रेघ आधीच मारलेली होती. पूल त्यांना हवा होता, गोदी आपल्याला. तुमची गल्ली मध्ये आली. मला फक्त शब्द शोधून आणायला सांगितलं होतं. तुझ्या ताईला मी आधी कुलूपच दाखवलं. ती ‘किल्ली’ म्हणाली. म्हणून मग मी घड्याळाकडं बोट केलं.”