लंडन वगळून सात शहरं

साक्षीच्या ऑफिसच्या बसला नवा रायपूरला पोचायला पाऊण तास लागतो, आणि गेले तीन महिने तिचा तो पाऊण तास युरोपात जात होता. मांडीवर डबा, डब्यावर मोबाइल आणि मोबाइलमध्ये पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन. अकरा दिवसांत सात शहरं. कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठे वरणभात मिळेल, कुणाच्या बायकोला जिने चढवत नाहीत, सगळं हिच्या डोक्यात. नवरा प्रशिक सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमध्ये इंजिनीअर. त्याच्या तीन सोबत्यांची कुटुंबंही येणार होती. हौस चौघांची आणि राबणारी ही एकटी. जग बघायला निघालेल्या या मंडळींना स्वतःचा पासपोर्ट कुठल्या खणात आहे हेसुद्धा ठाऊक नसायचं. तेही हिलाच फोन करून विचारायचे. साक्षीच्या नाकी नऊ आले होते. खरं सांगायचं तर यातलं एकही शहर बघायची इच्छा तिला उरली नव्हती.

आणि गंमत अशी, की हा बेत निघाला होता एका घरावरून. सासरे लहानू, रेल्वेत गँगमन होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, एकही वर्ष चुकवलं नाही. यंदा उन्हाळ्यात जेवताजेवता म्हणाले, "यंदा दसऱ्याले लंडनले जाऊ. बाबासाहेब शिकाले गेले तवा ज्या घरात राहिले, ते घर पाहू."

"पक्का बाबा, चलेंगे," प्रशिक म्हणाला. वडील मराठीत बोलायचे आणि हा हिंदीत उत्तर द्यायचा, लहानपणापासून असंच चाललं होतं; बायकोशी तेवढं हिंदीमिश्रित मराठी. त्याने प्लांटमध्ये सुट्टीची बात काढली, सोबती म्हणाले आम्हीपण येतो, आणि मग प्रत्येकाचं एकेक शहर यादीत शिरलं. लंडन या सात शहरांनंतर, शेवटच्या तीन दिवसांवर गेलं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी साक्षी रायपूरच्या तात्यापाऱ्यात विशालच्या ऑफिसात गेली. विशाल त्यांची तिकिटं आणि व्हिसा करून देणारा. पासपोर्टचा गठ्ठा त्याने पुढे केला. व्हिसा लागले होते. साक्षीने पानं उलटली आणि सहज विचारलं, "इसी में लंदन भी आ गया ना?"

"नहीं दीदी. लंदन का वीजा अलग लगता है."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. युरोपचा व्हिसा म्हणजे त्यात लंडन असणारच, असं ती धरून चालली होती. तीन महिने एवढं बारीकसारीक बघितलं आणि नेमकं हेच कसं सुटलं? ती स्वतःलाच दोष देत होती, तेवढ्यात विशाल म्हणाला, "भैया को तो मैंने जुलाई में ही बताया था. वो बोले, लंदन हटा दो, घर में मैं बता दूँगा."

घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

"अब नहीं होगा?"

"आठ-दस लोगों का मुश्किल है. एक-दो का अर्जेंट में कोशिश कर सकते हैं."

संध्याकाळी प्रशिक घरी येऊन बूट काढत होता. सासरे विहारात गेले होते. साक्षीने पाणीसुद्धा दिलं नाही.

"लंडनच्या व्हिसाचं जुलैतच माहीत होतं तुला?"

"टाइम नव्हता, साक्षी."

"जुलैत होता."

त्याने दुसऱ्या बुटाची लेस सोडली. मग म्हणाला, "चार फॅमिली सोबत राहतील. प्लांटचा सिन्हा विचारणारच, इस घर में क्या है? मग बाबा सुरू होतील, पहिल्यापासून. अठरा साल झाले मले प्लांटमध्ये. कोणी गावाचं, आडनावाचं काढलं की मी विषय बदलून देतो. इतके साल सांभाळलं ना मी. आता तिथं जाऊन सगळ्यांसमोर काय सांगू?"

साक्षीला संताप आला. पण भांडायला अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर तीन महिन्यांत संपला होता. शिवाय ऑफिसात कुणी "आप लोग कौन-से मराठी हैं?" विचारलं की तीही "नागपुर साइड के" म्हणून फाइल उघडायचीच. मग बोलणार कुठल्या तोंडाने? तिने पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं.

रात्रभर विचार करून तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं. सात शहरांवर पाणी सोडायचं. आपण आणि बाबा, दोघांनीच लंडनला जायचं.

सकाळी लहानू ओसरीवर उन्हात नव्या स्वेटरची बटणं लावून बघत होते. साक्षी शेजारी बसली.

"बाबा, लंडनला आपण दोघंच जाऊ. प्रशिक त्याच्या लोकांसोबत फिरून येईल."

"दोघंच? मंग कायले जाचं?"

"तुम्हाला घर पाहायचं होतं ना?"

"मले?" लहानू हसले. "मी त्या घराचं इतकं वाचलं आहे, डोळे मिटून जिना चढतो. माये गुडघे तरी कुठं साथ देऊन राहिले आता? मले त्याले न्याचं होतं. म्हटलं, त्या दारात त्याले एकदा उभं करू. मान वर करून उभा राहीन पोट्टा." मग त्यांनी विचारलं, "त्याले काहून नाही येता येत?"

खरं कारण साक्षीच्या ओठांवर आलं होतं. बोलली असती तर तिचं ओझं उतरलं असतं, आणि ते म्हाताऱ्याच्या छातीवर जाऊन बसलं असतं.

"त्याला तिथला व्हिसा नाही मिळाला, बाबा. कंपनीचे कागद कमी पडले."

"हव," लहानू म्हणाले. मग स्वेटर काढून त्यांनी नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"त्याले सांगजो, मनाले लावून घेऊ नको म्हणा. लय इच्छा होती पोट्ट्याची."

"सांगते," साक्षी म्हणाली.